उपमा आणि रूपक : उपमान एकटं येत नाही

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने उपमा आणि रूपक यांत फरक काय? एका पानावर अशा तुलना किती चालतात? वाचकांनी आधी ‘लेखन कोरडं आहे’ म्हटलं म्हणून तुम्ही तुलना घातल्या आणि आता तेच वाचक ‘फार नटवलंय’ म्हणतात, मग चुकतंय कुठे? आणि बिघडत गेलेल्या संसारावरच्या तुमच्या कथेत घराचं रूपक शेवटपर्यंत चालवावं का? मी बरीच वर्षं कथा-लेखांचं संपादन करतो, नव्याने लिहिणाऱ्यांना शिकवतो. त्या सवयीने व्याख्या बाजूला ठेवून आधी तुम्ही पाठवलेला परिच्छेदच समोर घेतो.

“संध्याकाळ एखाद्या थकलेल्या प्रवाशासारखी उतरत होती. अण्णा वाळलेल्या झाडासारखे खुर्चीत बसले होते. त्यांच्या डोळ्यांत आठवणींचा समुद्र उसळत होता आणि घरात स्मशानशांतता पसरली होती. तेवढ्यात फोन विजेसारखा कडाडला.”

यातली एकही तुलना चूक नाही. थकलेला प्रवासी हळू उतरतो, संध्याकाळही हळू उतरते. म्हातारा माणूस वाळल्यासारखा दिसतो. पण चार वाक्यांत वाचकाला रस्ता, झाड, समुद्र, स्मशान आणि ढगाळ आभाळ अशा पाच ठिकाणी जाऊन यावं लागतं, आणि ज्या खोलीत तो असायला हवा त्या खोलीत तो क्षणभरही थांबत नाही. शिवाय अण्णांचे डोळे उसळत असतील तर ते वाळलेले कसे? स्मशानशांतता वाचल्यावर वाचक मनाशी ठरवतो की कुणीतरी गेलं असणार. पुढे फोन निघतो तो घर सोडून गेलेल्या बायकोचा, चांगली हयात असलेल्या. म्हणजे त्या एका शब्दाने वाचकाला भलत्याच दाराशी नेऊन उभं केलं.

मला सांगायचं आहे ते हेच. उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करतो ते, कधीच एकटं येत नाही. तुम्ही त्याला एका गुणासाठी बोलावता आणि ते आपला सगळा गोतावळा घेऊन येतं. तुम्हाला शांतता हवी होती, स्मशानाने मृत्यूही आणला. नवे लेखक उपमान निवडताना एवढंच पाहतात की साम्य आहे का. साम्य तर कशातही काढता येतं. पाहायचं ते हे, की साम्याखेरीज त्याच्याबरोबर काय काय येतंय आणि ते या प्रसंगात हवंय का.

शाळेत उपमेचे चार घटक पाठ केलेले तुम्हाला आठवत असतील: उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान, साधर्म्य (दोघांतला समान गुण) आणि साम्यवाचक शब्द (‘सारखा’, ‘जणू’). परीक्षेनंतर आपण ते विसरतो, पण लिहिताना या चौघांपैकी तिसरा सगळ्यात उपयोगाचा आहे. ‘त्याचं मन दगडासारखं कठीण होतं’ या वाक्यात चारही घटक आहेत, म्हणून ती पूर्णोपमा. आणि तरीही वाक्य निर्जीव आहे, कारण दगड म्हटला की कठीणपणा आलाच. ‘कठीण’ हा शब्द वाचकाला काहीच देत नाही. तो गाळून ‘त्याचं मन दगडासारखं होतं’ केलं तर लुप्तोपमा होईल, म्हणजे एखादा घटक गाळलेली उपमा. वाक्य आटोपशीर होईल, पण जागं होणार नाही. आता दगड तोच ठेवून साधर्म्य बदलू: ‘त्याचं मन दगडासारखं होतं, दिवसा तापलं की रात्री उशिरापर्यंत निवायचं नाही.’ उपमान जुनंच, पण दगडाचा दुसरा एक खरा गुण उचलला आणि माणूस वेगळाच दिसू लागला. हा निर्दय नाही, हा राग धरून ठेवणारा आहे. नवं उपमान शोधायला दूर जाण्याआधी जुन्याच वस्तूकडे नीट पाहिलं तर पुष्कळदा काम भागतं.

यातून एक साधा नियम निघतो. उपमान ऐकताच साधर्म्य कळत असेल तर ते लिहू नका. कळत नसेल, किंवा नेहमीपेक्षा वेगळं साधर्म्य हवं असेल, तर ते लिहिलंच पाहिजे. ‘ती खिडकीसारखी होती’ असं लिहून सोडून दिलं तर वाचक दहा अर्थ करील आणि त्यांतला तुमचा एकही नसेल.

आता उपमा आणि रूपक. उपमेत दोन गोष्टी वेगळ्या राहतात आणि त्यांच्यातलं साम्य दाखवलं जातं. रूपकात त्या एकच आहेत असं मानलं जातं. उपमेय हेच उपमान, त्यांच्यात भेद नाही. ॲरिस्टॉटलने उपमेला रूपकाचाच एक प्रकार म्हटलं आणि दोहोंतला फरक किरकोळ आहे असं सांगितलं. ग्रीक वीर अकिलीसबद्दल ‘अकिलीस सिंहासारखा झेपावला’ म्हटलं तर उपमा, त्याच्याबद्दल बोलताना नुसतं ‘सिंह झेपावला’ म्हटलं तर रूपक. आपल्याकडच्या साहित्यशास्त्राने उलट दिशेने विचार केला: मूळ उपमा आणि बाकीचे तिचे अवतार. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी उपमेला एक नटी म्हटलं आहे, जी काव्याच्या रंगमंचावर निरनिराळ्या भूमिका घेऊन येते. मला ही दृष्टी लिहिणाऱ्यासाठी जास्त सोयीची वाटते, कारण त्यामुळे प्रश्न ‘हा अलंकार कोणता’ असा न राहता ‘हेच साम्य किती जोराने सांगू’ असा होतो. ‘तिचा आवाज काचेसारखा होता’ ही उपमा. ‘तिचा आवाज जणू काचच’ ही उत्प्रेक्षा, लेखक थोडा पुढे सरकला. ‘हा आवाज नव्हे, ही काच’ ही अपन्हुती, उपमेय नाकारूनच टाकलं. ‘काचेला निदान तडा जातो, तिच्या आवाजाला तेवढीही दया नव्हती’ हा व्यतिरेक, उपमेय उपमानाच्या पुढे गेलं. आणि ‘बोलता बोलता ती काच फुटली’ म्हटलं की आवाज हा शब्दच गेला, ती अतिशयोक्ती. साम्य एकच, दाब वेगवेगळा. पहिला ते शेवटचा असा दाब वाढवत नेताना लेखक वाचकाकडून अधिकाधिक विश्वास मागत असतो, आणि तो विश्वास आधीच्या पानांवर कमावलेला असावा लागतो.

मग कधी उपमा आणि कधी रूपक? इथे मानसशास्त्राचं एक निरीक्षण फार कामाचं आहे. ब्रायन बाउडल आणि डेड्रे गेंटनर यांनी २००५ मध्ये मांडलं की उपमान नवं असतं तेव्हा माणसं ती गोष्ट तुलना म्हणूनच समजून घेतात, आणि अशा वेळी त्यांना उपमेचं रूप जवळचं वाटतं. तेच उपमान वारंवार वापरात येऊन त्याचा एक ठरीव अर्थ तयार झाला की माणसं सरळ रूपक पसंत करतात. संपादनाच्या टेबलावर मला हे रोज दिसतं. ‘तो माणूस कोल्हा आहे’ चालतं, कारण कोल्हा म्हणजे धूर्त हे ठरून गेलंय. ‘तो माणूस जिना आहे’ चालत नाही, कारण जिन्याचा अर्थ ठरलेला नाही. ‘तो जिन्यासारखा होता, त्याच्यावरून सगळे वर गेले, तो तिथेच राहिला’ हे मात्र चालतं. नव्या उपमानाला उपमेचं रूप द्या, साधर्म्य सांगा, आणि मग पुढच्या पानावर खुशाल ‘जिना’ एवढंच म्हणा. तोवर अर्थ ठरलेला असतो. कथेच्या आत तुम्हीच तो ठरवलेला असतो.

मराठीत या रूपांची स्वतःची काही वळणं आहेत आणि चुका बहुधा तिथेच होतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिली गोष्ट, ‘एखाद्या’. ‘एखाद्या थकलेल्या प्रवाशासारखी’, ‘एखाद्या जुन्या पुस्तकाप्रमाणे’. हा शब्द दहांपैकी नऊ वेळा काढून टाकता येतो आणि काढल्यावर तुलना घट्ट होते. ‘जणू काही वेड्यासारखा’ यात दोन साम्यवाचक एकावर एक बसले आहेत, एक पुरे. मग नकार. ‘ती आईसारखी रागावली नाही’ याचे दोन अर्थ होतात: आई रागावली पण ही नाही, किंवा आई रागावली नाही तशीच हीही. नकारार्थी वाक्यात ‘सारखी’ किंवा ‘प्रमाणे’ आलं की थांबून वाक्य फोडा: ‘आई रागावली असती, ती रागावली नाही.’

दुसरी गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. आपल्याकडे वस्तूशी तुलना करता येते तशी क्रियेशीही, आणि तीही दोन-तीन शब्दांत: ‘हाक ऐकल्यासारखी ती थांबली’, ‘पैसे मोजल्यासारखा तो शब्द उच्चारत होता’, ‘कुणीतरी ठेवून गेल्यासारखे अण्णा खुर्चीत बसले होते’. ही ‘ल्यासारखं’ची तुलना मला वस्तूच्या तुलनेपेक्षा जवळजवळ नेहमीच सरस वाटते. वस्तू चित्र दाखवते, क्रिया प्रसंग दाखवते. ‘वाळलेल्या झाडासारखे अण्णा’ म्हटल्यावर फक्त वय कळतं. ‘कुणीतरी ठेवून गेल्यासारखे’ म्हटल्यावर कुणीतरी गेलं आहे हेही कळतं, आणि तुमची कथा नेमकी त्याबद्दल आहे. इथे उपमानाने बरोबर आणलेला गोतावळा आपल्या बाजूने काम करतो.

तिसरी गोष्ट, चा-ची-चे लावून केलेली रूपकं. आठवणींचा समुद्र, अश्रूंचा पूर, दुःखाचा डोंगर, भीतीची लाट, आशेचा किरण, शब्दांची फुलं. मराठी गद्यात सर्वांत जास्त पिकतात ती हीच, कारण ती करायला विचार लागत नाही: डावीकडे कोणतीही भावना, उजवीकडे निसर्गातली कोणतीही मोठी वस्तू. यांना बरं करण्याचा माझा उपाय एकच आहे. नाम काढा आणि क्रियापदाला कामाला लावा. ‘तिच्या मनात भीतीची लाट आली’ याऐवजी ‘भीती आधी घोट्यापर्यंत होती, दार वाजलं तेव्हा गुडघ्यापर्यंत आली’. पाणी हा शब्द कुठेच नाही, लाट नाही, तरी वाचकाचे पाय ओले झाले. ‘बातमी गावभर झिरपली’, ‘त्यांचं बोलणं मध्येच उसवलं’, ‘राग आतल्या आत धुमसत राहिला’ ही सगळी रूपकंच आहेत. फक्त ‘मी रूपक आहे’ असं ती सांगत सुटत नाहीत. वाचकांनी ‘नटवलंय’ म्हटलं त्याला तुमची क्रियापदं जबाबदार नाहीत, हे मी खात्रीने सांगतो. सगळा नट्टापट्टा नामांवर आणि विशेषणांवर आहे.

शेवटची गोष्ट लिंगाची. जुना संस्कृत साहित्यशास्त्रकार भामह याने उपमेचे सात दोष सांगितले आहेत: हीनता, असंभव, लिंगभेद, वचनभेद, विपर्यय, उपमानाचं आधिक्य आणि असदृशता. हजारापेक्षा जास्त वर्षांपूर्वीची ही यादी आजही संपादकाच्या खिशात ठेवण्यासारखी आहे. लिंगभेद म्हणजे उपमेय एका लिंगाचं आणि उपमान दुसऱ्या. मराठी उपमेत हा खटका सहसा लपून जातो, कारण ‘सारखा-सारखी-सारखं’ उपमेयाप्रमाणे बदलतं: ‘त्याचा राग ठिणगीसारखा होता’ कानाला खटकत नाही. रूपक करायला गेलं की तो उघडा पडतो. ‘त्याचा राग ठिणगी होता’ की ‘होती’? दोन्ही बोचतात. ‘त्याचा राग म्हणजे ठिणगी होती’ असं ‘म्हणजे’ घालून सोडवता येतं, किंवा सरळ ‘त्याचा राग ठिणगीएवढाच, पण गवत वाळलेलं होतं’ असं वळवून. माणसांच्या बाबतीत खटका जास्त जाणवतो. पुरुषाला वेल म्हणताना किंवा स्त्रीला डोंगर म्हणताना वाचक क्षणभर थबकतो. तो थबकावा अशीच इच्छा असेल तर उत्तम, नसेल तर बदला.

बाकीच्या दोषांपैकी हीनता आणि आधिक्य ही जोडी महत्त्वाची: उपमान उपमेयापेक्षा फार हलकं असणं किंवा फार भारी असणं. तुमचा विजेसारखा कडाडणारा फोन हे आधिक्याचं उदाहरण. फोन वाजला, एवढंच. त्याला वीज लावली की पुढे खरोखर काही कोसळलं पाहिजे. विपर्यय हा त्या जोडीचाच टोकाला गेलेला प्रकार. असंभव म्हणजे जे घडूच शकत नाही असं उपमान. कल्पनेच्या लेखनात तो दोष राहत नाही. असदृशता म्हणजे साम्यच नसणं, आणि नवकवितेच्या नादात ती फार दिसते. चमत्कारिक आणि नेमकं यांतला फरक लेखकाने स्वतःला विचारावा लागतो.

मात्र ही यादी नियमावलीसारखी वापरू नका. दंडी या दुसऱ्या जुन्या साहित्यशास्त्रकाराने म्हणून ठेवलं आहे की लिंग-वचन वेगळं असलं, उपमान कमी-जास्त असलं तरी जाणत्या वाचकाला उद्वेग होत नसेल तर तो दोषच नाही. मला दंडी भामहापेक्षा संपादक म्हणून मोठा वाटतो तो या एका वाक्यामुळे. विनोदी लेखनात तर हीनता हाच गुण असतो. मोठ्या माणसाला क्षुल्लक उपमान लावलं की हसू फुटतं: ‘अध्यक्ष उभे राहिले आणि खुर्चीतून हवा गेल्यासारखा आवाज झाला, ते भाषण होतं.’

आता झिजलेल्या तुलना. मोत्यांसारखं अक्षर, वाऱ्यासारखी पसरलेली बातमी, पायाखालची सरकलेली वाळू, चुकलेला काळजाचा ठोका. यांच्यावर सरसकट बंदी घाला असं सांगणारे शिक्षक पुष्कळ आहेत. मी तसं सांगत नाही. पूर्ण मेलेली रूपकं निरुपद्रवी असतात. आपली रोजची भाषाच त्यांच्यावर उभी आहे. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लॅकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये हे ठळकपणे मांडलं की रूपक ही निव्वळ शब्दांची सजावट नाही, आपण विचारच रूपकांतून करतो. मराठीत पाहा: वेळ आपण खर्च करतो, वाचवतो, वाया घालवतो, कुणाला देतो, म्हणजे वेळेला पैसा मानतो. वादात बाजू घेतो, हल्ला चढवतो, माघार घेतो, समोरच्याला नामोहरम करतो, म्हणजे वादाला युद्ध मानतो. राग पेटतो, भडकतो, धुमसतो, निवतो. हे टाळायला गेलात तर बोलताच येणार नाही.

त्रास देतात ती अर्धमेली: जिवंत समजून लेखकाने वापरलेली आणि वाचकाने न पाहताच ओलांडलेली. मोत्यांसारखं अक्षर वाचताना आज कुणाला मोती दिसत नाहीत. पण हीच तुलना उठवून बसवता येते. मोती का म्हटलं असेल? गोल, सारखे, एका ओळीत ओवलेले म्हणून. मग दोऱ्यापर्यंत जा: ‘अक्षर मोत्यांसारखंच होतं, पण शेवटच्या चार ओळींत दोरा सैल पडला होता.’ पत्र लिहिणाऱ्याचा हात कुठे थरथरला ते कळलं, आणि मोतीही पुन्हा दिसले.

अर्धमेल्या रूपकांचा दुसरा धोका म्हणजे ती एकमेकांत मिसळतात. ‘भ्रष्टाचाराच्या भस्मासुराची पाळंमुळं खणून काढली पाहिजेत’ अशा धाटणीची वाक्यं भाषणांत हवी तेवढी सापडतील. भस्मासुराला मुळं नसतात. ‘स्वप्नांची इमारत कोमेजली’, ‘विश्वासाच्या पायाला ग्रहण लागलं’. अशी वाक्यं लिहिणारा चित्र पाहत नसतो, नुसते शब्द जोडत असतो. यावर उपाय सोपा आहे: रूपक लिहिलं की डोळे मिटून ते शब्दशः पाहा. दिसलं आणि हसू आलं नाही तर ठेवा.

शब्दशः पाहण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते कथेपुरतं नाही. उपमान वाचकाला काय करावं हेही सुचवतं. पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका काल्पनिक शहरातल्या गुन्हेगारीची माहिती काहींना ‘गुन्हेगारी हा हिंस्र पशू आहे’ अशा शब्दांत दिली, काहींना ‘गुन्हेगारी हा विषाणू आहे’ अशा शब्दांत. पशू वाचलेल्यांचा कल पकडण्याकडे आणि शिक्षेकडे जास्त होता. विषाणू वाचलेल्यांनी कारणं शोधून सामाजिक सुधारणा करण्याचं जास्त सुचवलं. नंतर इतरांनी केलेल्या काही प्रयोगांत हा परिणाम आढळला नाही, त्यामुळे याला वेदवाक्य मानू नका. पण आजाराला युद्ध म्हणताना मात्र थांबा. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं होतं की कर्करोगाभोवती रचलेली युद्धाची भाषा रुग्णावरच ओझं टाकते. ‘झुंज अपयशी ठरली’ हे वाक्य मृत्युलेखात आपण सहज लिहितो. झुंज म्हटली की हरणाराही आला, आणि हरणारा म्हटला की तो कमी पडला हेही आलं. औषध लागू पडलं नाही याचा दोष त्या माणसाकडे कसा गेला? उपमानाने नेला.

माहितीपर लेखनातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. विजेचा प्रवाह समजावताना नळातल्या पाण्याची तुलना चांगली आहे: दाब म्हणजे व्होल्टेज, वाहतं पाणी म्हणजे करंट, अरुंद नळी म्हणजे रोध. पण नळी कापली तर पाणी बाहेर सांडतं. तार कापली तर वीज सांडत नाही, प्रवाह थांबतो. अशा लेखनात तुलना जिथे मोडते ती जागा एका वाक्यात सांगून टाकावी. वाचकाचा विश्वास त्याने कमी होत नाही, वाढतो. कथेत मात्र हे करायचं नसतं. तिथे मोडणारी तुलना मोडण्याआधीच सोडायची.

उपमान आणायचं कुठून, हाही तुमच्या प्रश्नाच्या पोटात आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो की रूपकांवरचं प्रभुत्व दुसऱ्याकडून शिकता येत नाही, ती प्रतिभेची खूण आहे. अर्धंच पटतं. साम्य सुचणं शिकवता येत नसेल, पण सुचलेल्यातून निवडणं आणि टाकणं नक्कीच शिकता येतं, आणि चांगल्या लेखनात टाकण्याचा वाटा मोठा असतो. मी असं करायला सांगतो: आधी तुलनेशिवाय साधं वाक्य लिहा आणि स्वतःला विचारा, या वाक्यात नेमकं काय दिसत नाहीये? अण्णांचं वय दिसत नाहीये की त्यांचं एकटेपण, की त्यांचा हट्ट? उत्तर मिळालं म्हणजे साधर्म्य मिळालं. मग उपमानं शोधा. सगळ्यात आधी सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं, म्हणून ते बाजूला ठेवा. आणि शोधा पात्राच्या जगात, तुमच्या नव्हे. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या बाईच्या नजरेतून कथा चालली असेल तर संबंध तुटत नाहीत, उसवतात. टाका घालता येईल का हा विचार तिच्या मनात आपोआप येतो. सुताराला दोन माणसांमधली फट पाचर बसेल एवढी दिसते. सात वर्षांच्या मुलाला वडील ‘दार लोटल्यासारखे’ हसताना दिसतील. त्याला ‘कृत्रिम हास्य’ दिसणार नाही. ही एक शिस्त पाळली तर नट्टापट्ट्याची तक्रार अर्ध्याने कमी होते, कारण तुलना लेखकाची राहत नाही, पात्राची होते. तुमच्या परिच्छेदात समुद्र कुणाचा आहे? अण्णांचा नाही. तुमच्या कथेत ते जन्मभर हिशेबनीस होते. त्यांच्या आठवणी उसळणार नाहीत. त्या जुळणार नाहीत, शिल्लक दाखवतील, कुठेतरी एक रक्कम राहून गेल्यासारखी त्यांना छळतील.

हे सगळं धरून मी तुमचा परिच्छेद असा करीन:

“अंधार पडला तरी अण्णांनी दिवा लावला नव्हता. कुणीतरी ठेवून गेल्यासारखे ते खुर्चीत बसले होते. फोन वाजला. तिसऱ्या घंटेपर्यंत त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.”

पाचांपैकी एकही तुलना उरली नाही, एक नवी आली. तुम्हाला हे कोरडं वाटेल. काही दिवस तसंच ठेवून पुन्हा वाचा. कोरडेपणाची पहिली तक्रार तुलना कमी असल्यामुळे आली होती असं मला वाटत नाही. ती तपशील नसल्यामुळे आली असावी. न लावलेला दिवा आणि तीन घंटा हे तपशील आहेत, आणि तपशील असला की तुलनेवर सगळं ओझं पडत नाही.

एका पानावर किती, याला आकडा नाही. जागा मात्र सांगता येतात. कृती वेगात चालू असते तिथे तुलना नको. धावणाऱ्या माणसाला चित्र पाहायला वेळ नसतो. संवादात पात्र तसं बोलणारं असेल तरच. परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात सारखी येऊ लागली तर ती खोड आहे, मोडा. सलग दोन वाक्यांत दोन वेगळी उपमानं आली तर त्यांतलं एक जवळजवळ नेहमीच जायला हवं. अपवाद एकच: पात्र गोंधळलेलं आहे आणि त्याला योग्य शब्द सापडत नाही, म्हणून ते एकामागून एक उपमानं चाचपत आहे.

राहिलं घराचं रूपक. नवव्या शतकात काश्मीरमध्ये साहित्यशास्त्रकार आनंदवर्धनाने अलंकार कसा वापरावा याच्या ज्या सूचना दिल्या, त्यांत तीन मला विशेष वाटतात. अलंकारासाठी वेगळा प्रयत्न करावा लागू नये. म्हणजेच तो रसाच्या ओघातच यावा. तो वेळेवर उचलावा आणि वेळेवर सोडावा. आणि तो शेवटपर्यंत निभावून नेण्याचा हट्ट धरू नये. तुमच्या कथेत हा शेवटचा हट्ट दिसतो. पहिल्या पानावर छप्पर गळतं, ते छान आहे, कारण ते खरंच गळतं आणि दोघांपैकी कुणीच ते दुरुस्त करत नाही. पुढे भिंतींना ‘अविश्वासाच्या भेगा’ पडतात. मग ‘संसाराचा पाया’ खचतो, ‘मनाच्या खिडक्या’ बंद होतात, आणि शेवटी ‘नात्याचं घर’ कोसळतं. छप्पर सोडलं तर बाकी सगळं चा-ची-चेच्या कारखान्यातून आलंय. तिसऱ्या पानापर्यंत वाचक ओळखतो की आता दाराची पाळी, आणि मग तो माणसांकडे पाहत नाही, बांधकामाचे उरलेले भाग मोजत बसतो. शिवाय घर कोसळतं म्हणजे एकाच वेळी सगळं संपतं. तुमच्या कथेतला संसार तसा संपत नाही. बायको जाते, फोन करते, अण्णा तो उचलत नाहीत, आणि ती पुन्हा करते. हे कोसळणं नाही. उपमान कथेला खोटं पाडतंय.

म्हणून भेगा, पाया आणि खिडक्या काढा. शेवटचं कोसळणंही काढा. गळणारं छप्पर राहू द्या, पण फक्त छप्पर म्हणून: कुठे ‘जसं छप्पर तसं नातं’ असा इशारा नको, आणि ज्या पानावर अण्णा अखेर फोन उचलतात तिथे पाऊस असेल तर खाली भांडं कुणी ठेवलं होतं तेवढं लिहा.